अकरा मात्रांचा विराम

संगीतरचना शिकायला विद्यापीठात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, तू तारपा वाजवतेस का. मोखाड्याची आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हॉटेलच्या भिंतीवरची पांढरी चित्रं येतात, फेर धरून नाचणारी माणसं आणि मधे तारपेवाला. मी तारपा आयुष्यात हातात धरलेला नाही. आमच्या पाड्यावर तो वाजवणारे दोघं होते आणि दोघंही पोरांना हाकलून लावायचे. हे दहा वेळा सांगून झाल्यावर मी सरळ "हो, वाजवते" म्हणायला लागले. मग कोणी पुढं काही विचारत नसे.

वाजवायची मी हार्मोनियम, तीही जव्हारच्या आश्रमशाळेतली, प्रार्थनेपुरती. तिच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत आणि तो सूर प्रार्थना संपेपर्यंत बोंबलत राहायचा. म्हणून मी प्रार्थनेच्या चालीच बदलल्या, त्या दोन सुरांना वळसा घालून. चार वर्षं सगळी शाळा माझ्या चालीत प्रार्थना म्हणत होती आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे सांगितलं तेव्हा समोरच्या तिघांपैकी एक बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कोणते दोन सूर. पुढं त्याच आम्हाला शिकवायला होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे.

मॅडम पन्नाशी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या. वहीत चुका दाखवत नसत. पेन्सिलीनं एखाद्या जागेभोवती गोल करायच्या आणि विचारायच्या, "हे का आहे?" छान वाटतं म्हणून, हे उत्तर चालत नसे. मला ही पद्धत फार आवडली. घरी कशाचं कारण विचारलं की आय म्हणायची, तसंच असतं. इथं प्रत्येक सुराला कारण होतं, दोन आवाज एकत्र कसे चालतात, कुठं एकमेकांना वाट देतात, याचे नियम होते, आणि नियम मोडला तर तो का मोडला हे सांगावं लागे. पहिल्या वर्षी मी हॉस्टेलच्या कॉटवर बसून पानंच्या पानं नियमांनी भरली. मी हुशार होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

वर्षाच्या शेवटी मॅडमनी माझी वही मिटली आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. पण तू जे ऐकत मोठी झालीस, ते यात कुठंच नाही."

मला राग आला. वर्गात आम्ही सात जण होतो आणि बाकी सहांकडं कोणी त्यांच्या भागातलं मागत नव्हतं. डोंबिवलीहून येणाऱ्या मुलाला कोणी डोंबिवली मागितली नव्हती. आठवडाभर मी धुमसत राहिले. पण मॅडमचं खोटं नव्हतं, आणि राग खरा तर त्याचाच होता. मी काय ऐकत मोठी झाले होते ते मला चांगलं माहीत होतं. ते आणायचं म्हणजे माझ्या बापाकडं मागावं लागणार होतं.

माझा बा थाळीवर कथा लावायचा. काशाची थाळी पालथ्या टोपलीवर ठेवायची, तिच्या मधोमध मेणाचा गोळा दाबायचा, त्या मेणात एक कोरडी बारीक काडी उभी खोवायची. मग दोन्ही हातांच्या चिमटीत ती काडी वरून खाली ओढत राहायची, एका हातानंतर दुसरा. थाळी घुमायला लागते. मधमाश्यांचं पोळं भिंतीपलीकडं असावं तसा तो आवाज, तो थांबत नाही, आणि त्याच्यावर बा कथा म्हणायचा.

ही कथा मेलेल्या माणसाची. माणूस गेला की बाराव्या दिवशी थाळ लावतात आणि कथेतून त्याला वाटेला लावतात. घराच्या उंबऱ्यापासून सुरुवात, मग अंगण, मग खळं, पाड्याची शीव, नदी, पलीकडचा डोंगर, अशी एकेक जागा घेत पुढं. सगळ्या जागा खऱ्या, त्या माणसाच्या पायाखालच्या. प्रत्येक टप्प्याला गाणारा थांबतो. समोर घरचं थोरलं लेकरू बसलेलं असतं, त्यानं "हां" म्हणायचं. म्हणजे पोचला, चला पुढं. त्या हुंकाऱ्याशिवाय गाणारा पुढं जात नाही. हुंकारा आला नाही, तर माणूस त्या टप्प्यावर अडला असं धरतात आणि कथा पुन्हा उंबऱ्यापासून लावतात. आजूबाजूच्या सात-आठ पाड्यांतली कितीतरी माणसं माझ्या बानं अशी पोचवली. रडून कोणाचा घसा दाटला असेल तर नुसती मान हलवली तरी तो चालवून घ्यायचा. लहानपणी मी त्याच्या मागं बसून हे बघितलेलं आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बा अंगणात पावसाआधीची कामं काढून बसला होता, इरल्याला नवी पानं लावत होता. मी त्याला म्हटलं, "बा, मला कथा लावून देशील? रेकॉर्ड करायचीय. अभ्यासाला पाहिजे."

त्यानं पान दातांत धरलं होतं, ते काढलं. "कोन मेला?"

"कोणी नाही. नुसती."

"नुसती नाय लावत ती."

"थोडीशी. सुरुवातीची."

"सुरुवात केली का कोनाला तरी चालावा लागतं," तो म्हणाला. "घरात मी, तू न् तुजी आय. कोनाला चालवू?"

तो हसत होता. रागावला असता तर मला भांडता आलं असतं. मी सगळी सुट्टी त्याच्याशी तुटक वागले. भाकरी वाढताना, पाणी देताना, कामापुरतं बोलायचे. त्याला ते कळत होतं आणि तो मला खूश करायला नदीचे मासे आणायचा. मी ते खायचे आणि तरी बोलायचे नाही. जाताना मला जीपपर्यंत सोडायला आला, पिशवी आत ठेवली आणि म्हणाला, "दुसरं काय पन माग." मी काहीच मागितलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी चार व्हायोलिनांसाठी एक रचना लिहिली. बरोबर होती. मॅडमनी त्यात एकही गोल काढला नाही, आणि तेच वाईट होतं.

बा गेला तेव्हा आमचं शेवटचं वर्ष चालू होतं, जानेवारी. पंधरा दिवस पोटाचं दुखणं झालं, नाशिकला नेला, तिथंच गेला. मला फोन आला तेव्हा कानाची परीक्षा चालू होती. मॅडम पियानोवर दोन सूर वाजवायच्या आणि त्यांच्यातलं अंतर आम्ही कागदावर लिहायचं. फोन थरथरला, मी बाहेर गेले, मामानं सांगितलं, मी "बरं, निघते" म्हटलं, आणि आत येऊन उरलेली उत्तरं लिहिली. वीसपैकी एकोणीस बरोबर आली. कसाऱ्याला उतरून खोडाळ्यामार्गे जीपनं पाड्यावर पोचले तोवर अग्नी देऊन झालं होतं. आय दारात बसली होती. तिनं मला जवळ ओढलं, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून वाट बघत राहिले की आता येईल रडू. आलं नाही. बायका आळीपाळीनं येऊन मला कवटाळत होत्या. मला त्यांच्या रडण्याचे सूर कळत होते, कोणाचं कुठून सुरू होतं आणि कुठं उतरतं. बाकी काही कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी परत आले. हजेरी कमी पडत होती हे कारण खरं होतं. आय म्हणाली, "बाराव्याला ये. हुंकारा तुलाच द्यावा लागल." मी एकटीच होते, दुसरं लेकरू नव्हतं. बाकी सगळं माणसं बघतील, तू एवढंच कर, असं तिनं दोनदा सांगितलं. पोशेऱ्याकडचा एक म्हातारा थाळ लावायला यायचा होता. सगळ्यांना पोचवणारा गेला की त्याला पोचवायला बाहेरून माणूस आणावा लागतो. त्या म्हाताऱ्याचं आणि बाचं फारसं पटायचं नाही. आवाज रेड्यासारखा आहे म्हणून बा त्याला हसायचा, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी मी विभागात गेले आणि रेकॉर्डर मागितला. चांगला होता, दोन माइकचा, आणि नोंदवहीत सही करूनच मिळायचा. नाव, तारीख, परत करण्याचा दिवस, आणि शेवटी कारण. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, फील्डवर्क. लिहिताना हात थांबला वगैरे नाही. मला शेवटच्या सत्राची रचना द्यायची होती, दोन वर्षं जी कथा हवी होती ती उद्या माझ्या घरात लागणार होती, आणि हे दोन्ही एकत्र येतंय यात मला तेव्हा सोय दिसली. दुसरं काही दिसलं नाही.

म्हाताऱ्यानं दिवस उजाडल्यावरच बसायचं ठरवलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिव्याच्या उजेडात त्याला काडी सापडत नसे. ओसरीवर त्याची थाळी मांडली गेली, समोर तांदळाची रास, तिच्यावर बाचा पंचा घडी करून. मी त्याच्या समोर बसले आणि रेकॉर्डर सुपावर ठेवला, माझ्या गुडघ्याजवळ. कोणी काही म्हटलं नाही. शिकलेली पोर, काही करत असेल. मी हेडफोन एका कानाला लावला. थाळी घुमायला लागली आणि मी वहीत लिहिलं, शुद्ध गंधाराच्या किंचित खाली. मेण उन्हानं मऊ होईल तसा सूर आणखी उतरेल, तेही लिहिलं.

म्हाताऱ्याचा आवाज खरंच रेड्यासारखा होता, पण उंबरा ओलांडताना तो इतका हळू आला की मी माइकची पातळी वाढवली. अंगण आलं, खळं आलं. बाच्या खळ्यावरचा आंबा आला, तो कोणी म्हाताऱ्याला सांगितला होता देव जाणे. मग पाड्याची शीव, शेंदूर लावलेला दगड. तिथं पहिला टप्पा. त्यानं काडी सोडली. थाळी हळूहळू विरत गेली आणि सगळी ओसरी गप्प झाली.

मी मान हलवली.

हे मी आधीच ठरवलं होतं. माझं तोंड माइकपासून हातभर अंतरावर होतं. मी "हां" म्हटलं असतं तर तो आवाज सगळ्या रेकॉर्डिंगवर चढला असता आणि पुढं वेगळा काढता आला नसता. बा मान चालवून घ्यायचा, मग हाही घेईल. म्हाताऱ्याला माझी मान दिसणार नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तो वाट बघत राहिला. मी वहीवर नजर ठेवून सवयीनं मात्रा मोजत होते. अकरा झाल्या. मग त्यानं पुन्हा काडी धरली आणि कथा उंबऱ्यापासून लावली.

इथवरची चूक मी चूक म्हणेन. पुढचं चूक नव्हतं, आणि ते मी लिहिलंच पाहिजे. तो उंबऱ्यावर परतला तेव्हा काय झालं ते मला पूर्ण कळलं होतं. त्याच्या डोळ्यांचं आठवलं. पुढच्या वेळी तोंडानं म्हणावं लागेल हेही कळलं. अंगण गेलं, खळं गेलं, आंबा गेला, शीव आली, थाळी विरली, आणि सगळे माझ्याकडं बघत असताना मी हेडफोनमध्ये ती शांतता ऐकली. ती फार चांगली होती. लांब कुठंतरी कोंबडा, कोणाच्या तरी बांगड्या, म्हाताऱ्याचा श्वास. मी गप्प बसले. मला वाटलं, अजून एकदा अशीच घ्यावी.

मागून मावशीनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "गळा दाटला पोरीचा," ती बाकीच्यांना म्हणाली. "रड बाय, रड." सगळ्यांनी मान डोलावली. माझा गळा दाटला नव्हता. मला काहीही होत नव्हतं.

तिसऱ्यांदा उंबरा लागला तेव्हा आय उठली. तिनं ओसरी ओलांडली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि शीव आली तेव्हा मोठ्यानं म्हणाली, "हां." म्हातारा पुढं सरकला. नदी, पलीकडचा चढ, मोहाचं झाड, डोंगरावरची देवी. दुपार कलेपर्यंत प्रत्येक टप्प्याला आय हुंकारा देत गेली. तिचा आवाज बसला तरी देत राहिली. तिचा पहिला "हां" आला तेव्हाच मी रेकॉर्डर बंद केला होता, कारण आता त्यात आवाज येत होता.

जेवणं झाल्यावर म्हातारा निघाला. मी त्याला काठी दिली. तो म्हणाला, "तुजा बा दोनदा शिवेवर ऱ्हायला उभा. थांबाची सवय नव्हती त्याला." टोमणा असावा असं मला वाटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्यानं थाळी फडक्यात बांधली आणि गेला.

रेकॉर्डर मी वेळेत परत केला.

रचना लिहायला मला तीन आठवडे लागले, एवढ्या सहज मी कधीच लिहिलं नव्हतं. थाळीचा सूर खाली चालू ठेवला, त्याच्यावर दोन चेलो आणि एक बासरी, फार थोडं वाजणाऱ्या. मधे म्हाताऱ्याचा आवाज, उंबऱ्यापासून शिवेपर्यंत. मग ती अकरा मात्रांची शांतता, तिला मी हात लावला नाही. मग पुन्हा उंबरा, पुन्हा शीव, पुन्हा शांतता, आणि शेवट. आयचा आवाज नसलेलं तेवढंच रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं. मॅडमनी स्वरलिपीची पानं बघितली, पेन्सिल हातात घेतली, आणि शांततेच्या जागेवर गोल केला.

"हे का आहे?"

मी म्हटलं, "परंपरेत असं थांबतात."

त्यांनी खूप वेळ पानाकडं बघितलं आणि गोल खोडून टाकला. तीन वर्षांत त्यांच्याशी मी बोललेलं हे पहिलं खोटं. पूर्ण खोटंही नव्हतं, म्हणून ते खपलं.

सादरीकरणाला बाहेरून दोन परीक्षक आले होते. वाजवणाऱ्या मुलांनी जीव ओतून वाजवलं. शांतता आली तेव्हा सभागृहात कोणी हललं नाही. नंतर एक परीक्षक म्हणाले की एवढा वेळ काहीही न करण्याचं धाडस या वयात दिसत नाही. मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. मी थँक यू सर म्हटलं. मुलांनी मला कँटीनमध्ये नेलं, मी दोन समोसे खाल्ले. संध्याकाळी आयला फोन केला, पास झाले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "काय बनवलंस ते घेऊन ये. मला ऐकव."

मे महिन्यात घरी गेले. आय नाचणी पाखडत होती, तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि नीट मांडी घालून बसली. मी मोबाईलवर लावलं. तिला चेलो वगैरे काही वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. म्हाताऱ्याचा आवाज आला तशी तिनं पदर डोक्यावर घेतला. पहिली शांतता आली, गेली. दुसरी आली. मग मोबाईल बंद पडल्यासारखा गप्प झाला आणि ती बसून राहिली.

"पुढं?" तिनं विचारलं.

"संपलं."

"शिवेवरच?"

मी मान हलवली. तिला ती दिसली.

"मंग तो नदी कवा उतरल?"

मी सांगायला लागले की हे फक्त रेकॉर्डिंग आहे, खरं तर तू त्याला पोचवलंस, त्या दिवशी सगळी कथा झाली. ती ऐकत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हे परत परत लावतात का?" मी म्हटलं, नाही. तिनं सूप ओढलं आणि पाखडायला लागली. त्या सुट्टीत तिनं मला मासे करून घातले, बाच्या आठवणी सांगितल्या, लग्नाचं विचारलं. रचनेचं नाव काढलं नाही. परत निघाले तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, आणि ती लाज होती. जीपमध्ये माणसं खचाखच भरली होती आणि मी पुढच्या आरशातही बघत नव्हते, त्यात आपलं तोंड दिसेल म्हणून.

परत परत लावत नाहीत, हेही खोटंच निघालं. विभागात चांगल्या रचना जपून ठेवतात आणि नव्या मुलांना ऐकवतात. मॅडमनी मला ते मोठ्या आनंदानं कळवलं होतं. ऐकवू नका, असा मेसेज मी दोनदा टाईप केला. पण कारण द्यावं लागलं असतं. आता मी एका स्टुडिओत काम करते. मालिकांमध्ये बोलणाऱ्यांच्या आवाजातले श्वास, खाकरे, तोंडाचे चपचप आवाज शोधून काढून टाकायचे, हे माझं काम. कान चांगला आहे म्हणून सगळे खूश आहेत.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. निवृत्त होण्याआधीचा त्यांचा शेवटचा वर्ग होता, त्यांना मला मुलांपुढं बसवायचं होतं. नाही म्हणता आलं नाही. तोच वर्ग, तोच पियानो, समोर आठ मुलं. मॅडमनी माझी ओळख करून दिली आणि म्हणाल्या, बोलण्याआधी आपण ऐकू. स्पीकरमधून थाळी घुमायला लागली. उंबरा. अंगण. खळं. मुलं वह्या उघडून बसली होती. आंबा आला. मला आमचं खळं दिसलं, त्याच्यावरून चालत जाणारी पाठ दिसली, आणि ती बाची होती. शेंदराचा दगड आला, म्हाताऱ्यानं काडी सोडली, थाळी विरत गेली.

वर्गात कोणी हललं नाही. मुलांना शिकवलेलं होतं, इथं ऐकायचं. एक मुलगी बोटांवर मात्रा मोजत होती.

मी म्हटलं, "हां."

मोठ्यानं म्हटलं, ओसरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल एवढं. मुलं दचकून माझ्याकडं बघायला लागली. मॅडमनी भुवया उंचावल्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मी स्पीकरकडं बघत होते. त्या मुलीचं बोट अकराव्या मात्रेवर आलं.

म्हाताऱ्यानं पुन्हा काडी धरली, आणि बाला उंबऱ्यापासून चालवायला सुरुवात केली.